अमेरिका आपल्या पायाखाली नाही

नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर या पट्ट्यात लग्नाच्या पंगतीला बसलं की चार वाक्यांत विषय तिथे येतोच. "पोरगा कुठं असतो?" "सॅन होजेला." "किती लांब?" "सोळा तास." किलोमीटर कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. पुणं किती लांब, या प्रश्नालाही आमच्याकडे उत्तर तासांतच मिळतं, वर "चाकणला अडकलं नाही तर" ही पुरवणी असते. मला हे उत्तर बरोबर वाटतं. लांबच्या प्रवासात किलोमीटर फारसं काही सांगत नाहीत. वारा कुठून वाहतो, कोणत्या देशाने आपलं आकाश बंद केलंय आणि घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता कसा आहे, यांवर वेळ ठरतो. पण या सोळा तासांभोवती काही समजुती अशा घट्ट बसल्या आहेत की शिकलेली माणसंही त्या बिनधास्त सांगतात.

"पाताळ म्हणजेच अमेरिका, ती आपल्या बरोबर पायाखाली आहे"

ही सगळ्यांत जुनी समजूत. आपल्याकडे दिवस तेव्हा तिकडे रात्र, म्हणजे जुन्नरला भोक पाडत गेलं तर पलीकडे अमेरिका लागणार, असा हिशेब. जुन्नर आहे साधारण 19.2 अंश उत्तर आणि 73.9 अंश पूर्व इथे. त्याच्या बरोबर उलटा बिंदू येतो 19.2 अंश दक्षिण आणि 106.1 अंश पश्चिम. तिथे नुसता प्रशांत महासागर आहे. माणसं राहतात अशी सर्वांत जवळची जमीन म्हणजे दगडी पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं ईस्टर बेट, आणि तेही तिथून नऊशे किलोमीटरच्या पुढे.

घड्याळ उलटं असलं म्हणजे जागा उलटी असते, असं नाही. घड्याळ फक्त रेखांश सांगतं. सॅन फ्रान्सिस्को आपल्यासारखंच उत्तर गोलार्धात आहे, म्हणून जानेवारीत थंडी इकडेही असते आणि तिकडेही. पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणं एकमेकांपासून जास्तीत जास्त सुमारे 20,000 किलोमीटर लांब असू शकतात. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर भरतं साधारण 13,500 किलोमीटर. न्यूयॉर्क आणखी जवळ, साडेबारा हजार. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला पोरगा गेला म्हणतो तो प्रत्यक्षात दोन-तृतीयांश वाटेवरच राहतो.

"विमान उगाच वरून वळसा घालून नेतात"

पुढच्या सीटच्या पाठीवरचा पडदा या गैरसमजाला कारण आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान सरळ पश्चिमेला जायचं सोडून उत्तरेकडे चढतं आणि आइसलँडच्या आसपासून खाली उतरतं. सपाट नकाशावर ही धनुष्यासारखी रेघ बघून पहिल्यांदाच निघालेल्या आईवडिलांना शंका येते, की तिकिटाचे एवढे पैसे घेऊन हे फिरवून का नेतायत.

शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला पृथ्वीगोल काढा आणि शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. आधी दोरा आपल्याला सरळ वाटतो तसा, अक्षवृत्तांच्या बेताने, चीन-जपानवरून नेऊन ठेवा. आता ताणा. ढिला झालेला दोरा आपोआप वर सरकतो, सायबेरियावरून आर्क्टिक महासागरात शिरतो, जवळपास 77 अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली येतो. बोटांत उरलेला दोऱ्याचा तुकडा म्हणजे वाचलेलं अंतर. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता हा असाच असतो. आडवा दिसणारा रस्ता लांबचा असतो, कारण सपाट नकाशा ध्रुवाकडची जमीन ताणून मोठी दाखवतो. त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. दर वर्षी 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवर शाळांची मुलं प्रयोग मांडतात. ज्वालामुखीची एखादी प्रतिकृती कमी करून एका टेबलावर हा दोरा ठेवला तर मला आवडेल.

मात्र विमानं या दोऱ्यावरूनच उडतात असंही नाही. मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जातो, आणि तो भाग विमान कंपन्या शक्यतो टाळतात. आतला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं. प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू पंधरा-वीस मिनिटांपुरता असतो. तिबेटमध्ये जमीनच चार-साडेचार हजार मीटरवर आहे. उतरणार कुठे?

"पृथ्वी खालून फिरते, म्हणून एका दिशेला लवकर पोहोचतो"

हा गैरसमज मी इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाच्या दिशेने ठिकाण स्वतःच चालत येतं, म्हणून तिकडे लवकर पोहोचायला हवं. काही जण आणखी पुढे जातात आणि म्हणतात, हेलिकॉप्टर नुसतं वर जाऊन थांबलं तरी काही तासांनी खाली दुबई येईल.

जुन्नरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,575 किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरते हे खरं. पण हवाही तिच्यासोबतच फिरते. तसं नसतं तर शिवनेरीवर घिरट्या घालणारी घार पाच मिनिटांत अरबी समुद्रावर सापडली असती. विमान उडतं हवेत, त्यामुळे जमिनीच्या फिरण्याचा त्याला थेट फायदाही नाही आणि तोटाही नाही.

आणि अनुभव तर नेमका उलट आहे. मुंबईहून लंडन साधारण 7,200 किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना नऊच्या आत-बाहेर. 2005 साली प्रिन्स चार्ल्सच्या लग्नाला मुंबईच्या डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी लंडनला गेले होते. डबेवाले मूळचे आमच्याच भागातले, खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळचे. मिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या या लोकांच्या जमातीला परतीचा हा फरक कळला नसेल असं वाटत नाही.

फरक पडतो तो वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा ताशी नऊशे किलोमीटर हा वेग हवेच्या हिशेबाने असतो. वारा पाठीशी असेल तर जमिनीच्या हिशेबाने तो अकराशे होतो, समोरून असेल तर सातशे. फेब्रुवारी 2020 मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं. एरवी तिथे सहा-सात तास लागतात. त्या वेळी त्याचा जमिनीवरचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता, पण त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नाही, कारण भोवतालची हवाच त्याला घेऊन पळत होती.

याचं सर्वांत झणझणीत उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे विमान डिसेंबर 2015 मध्ये सुरू झालं तेव्हा ते युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने जाण्याची वाट बदलली आणि विमान पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे 15,300 किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला. साडेचौदा तासांत विमान उतरलं. परत येताना ते अटलांटिकवरूनच यायचं, तेही वारा पाठीशी घेऊन. म्हणजे दिल्लीहून निघालेला माणूस दोन्ही वेळा पूर्वेकडेच उडत पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी यायचा, आणि त्याला ते बहुधा ठाऊकही नसायचं. अंतरांचे तक्ते पाठ करणाऱ्यांनी हे एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे.

आता गंमत अशी की हे वारे पूर्वेकडेच का वाहतात याच्या मुळाशी पृथ्वीचं फिरणं आहेच. तेव्हा पंगतीतल्या इंजिनिअरला अगदीच शून्य गुण देता येत नाहीत.

"रात्री दोनला निघाला, सकाळी सातला पोहोचला, म्हणजे पाच तास"

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. दोघांची वजाबाकी करून काहीच हाती लागत नाही. मुंबईहून रात्री दोनला सुटलेलं विमान साडेपंधरा तासांनी न्यूयॉर्कला उतरतं तेव्हा मंचरच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणून तिथे सकाळचे सात. तेच विमान उन्हाळ्यात उतरलं तर आठ, कारण मार्च ते नोव्हेंबर तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात. नेमक्या या दोन महिन्यांत आठवड्याचा ठरलेला व्हिडिओ कॉल चुकतो आणि आजी रुसतात. सॅन फ्रान्सिस्कोचा फरक साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा.

हा अर्धा तास येतो कुठून? भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, जो प्रयागराजजवळून जातो. जुन्नर त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. म्हणून जुन्नरला सूर्य बरोबर माथ्यावरच्या रेषेत येतो तो सरासरी बारा पस्तीसला. बाराला नव्हे. मनगटावरचं घड्याळ घरबसल्याही आपल्या गावची वेळ सांगत नाही.

"वेळेआधी वीस मिनिटं उतरलो, पायलटने दामटवली" हेही ऐकू येतं. छापील वेळेत धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, उतरल्यावर दारापर्यंत येणं आणि थोडी राखीव मिनिटं असं सगळं धरलेलं असतं. वारा बरा मिळाला आणि रांग लागली नाही की वीस मिनिटं उरतात. पायलट तसं दामटत नाहीत, इंधन महाग असतं.

"आता जग जवळ आलंय, वेळ कमीच होत जाणार"

गेल्या काही वर्षांत उलटंच झालं आहे. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर 2019 मध्ये पाकिस्तानने साडेचार महिने आपलं आकाश बंद ठेवलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झालं. फटका दिल्लीला मोठा बसला. अमेरिकेला जाणारी-येणारी काही विमानं इंधन भरायला व्हिएन्नाला उतरू लागली. मुंबईची विमानं तशीही बऱ्याचदा अरबी समुद्रावरून निघतात, म्हणून आपल्याकडे झळ कमी. युक्रेन युद्धानंतर, 2022 पासून, रशियाने पाश्चात्त्य कंपन्यांना आकाश बंद केलं. हेलसिंकीहून टोकियोला फिनएअर नऊ-साडेनऊ तासांत जायची, तिला तेरा लागू लागले. शहरं जागच्या जागीच आहेत आणि दोऱ्याची लांबीही तेवढीच.

अंतर तेच राहून वेळ बदलणं काही नवीन नाही. जुन्नरच्या लेण्यांत तीन शिलालेखांमध्ये दान देणारे स्वतःला यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, म्हणवतात. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. साधारण एकोणीसशे-दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ते नेमके कुठले, इथेच स्थायिक झालेले की येऊन-जाऊन असणारे, यावर विद्वानांत वाद आहे. पण ज्या वाटेने त्या काळचा व्यापार चालायचा ती वाट आजही आपल्या पायांखाली आहे, नाणेघाट. घाट उतरून कल्याण, तिथून समुद्र, मग तांबडा समुद्र आणि इजिप्त. त्या काळचं ग्रीक प्रवासवर्णन 'पेरिप्लस' पैठणचं अंतर सांगतं ते भडोचपासून वीस दिवस असं. कोस नाहीत, दिवस. प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की तांबड्या समुद्राच्या तोंडापासून केरळचं मुझिरिस चाळीस दिवसांवर, पण कधी? मोसमी वारा पाठीशी असेल तर. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमाराला सुटायची आणि परतायला वारा उलटायची, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाची, वाट बघायची. वारा चुकला की वर्ष गेलं.

याच तांबड्या समुद्राने 2023 च्या अखेरीस पुन्हा हिसका दाखवला. नारायणगावची द्राक्षं विमानाने परदेशी जातात असं पुष्कळांना वाटतं. ती जातात न्हावाशेव्याहून, थंड कंटेनरमध्ये, जहाजाने. विमानाचं भाडं द्राक्षाच्या भावाला परवडणारं नाही. येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास वाढला. बागायतदाराला त्या हंगामात केप ऑफ गुड होप म्हणजे काय ते भूगोलाच्या पुस्तकाशिवाय कळलं.

"पुण्यात विमानतळ आहे, मग मुंबईला कशाला?"

लोहगाव हवाई दलाचं आहे म्हणून लांबची विमानं येत नाहीत, असं सांगितलं जातं. तो एक भाग झाला, पण खरी अडचण धावपट्टीची. ती अडीच किलोमीटरची आहे, मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीनच्या आसपास. सोळा तासांचं इंधन भरलेलं अवजड विमान उचलायला लांब धाव लागते. त्यातून पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 590 मीटरवर आणि एप्रिल-मेमध्ये तापलेलं. विरळ, गरम हवेत पंखांना उचल कमी मिळते, धाव आणखी वाढते. लुफ्थान्साने 2008 मध्ये पुणे–फ्रँकफर्ट सुरू केलं तेव्हा म्हणूनच छोटं विमान वापरलं होतं. दुबई, बँकॉक इथवर पुण्याहून जाता येतं. त्यापलीकडे कुठेतरी विमान बदलणं आलंच. तिकीट काढताना एक बघावं, 'डायरेक्ट' म्हणजे वाटेत न थांबणारं असं नाही. विमानाचा नंबर एकच राहिला तरी ते मध्ये उतरू शकतं. न थांबणारं हवं तर 'नॉनस्टॉप' असंच शोधावं लागतं.

खेडचा विमानतळ झाला असता तर? आधी चाकण, मग राजगुरुनगरच्या आसपासची गावं, मोजण्या, मोर्चे, जमिनींचे वाढलेले भाव, आणि 2016 मध्ये सगळं पुरंदरला गेलं. आंबेगावकर अजून हळहळतात. ज्यांची जमीन जाणार होती ते हळहळत नाहीत.

तेव्हा सोळा तासांचा खरा हिशेब असा. जुन्नरहून मुंबई विमानतळ चार-पाच तास, तिथे तीन तास आधी हजर, विमानात सोळा, उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि पोराच्या गाडीतून घर मिळून दोन. झाले पंचवीस-सव्वीस. विमान बदलायचं असेल तर तीस पार. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं उडू लागली आहेत, त्यामुळे तिकीट कोणत्या विमानतळाचं आहे हे गाडी सांगण्याआधी नीट वाचावं. दोन्हींमध्ये चुकलात तर मुंबईच्या गर्दीत दुरुस्तीला वेळ मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये माळशेजमार्गे निघायचं असेल तर ओतूरच्या एखाद्या ओळखीच्या गाडीवाल्याला सकाळीच फोन करून घाट चालू आहे का ते विचारावं. दरड आली असेल तर चाकण–तळेगाव करून द्रुतगती महामार्ग गाठायचा आणि त्यासाठी घरातून दोन तास आधी निघायचं.